पडदा ओढा, मग दिवा

लडाखमधल्या हानले गावात संध्याकाळी आधी पडदे ओढतात आणि मग दिवा लावतात. आम्ही ज्या घरात उतरलो होतो तिथल्या घरधनीण आमा-ले अंगणातली कामं आटोपून आत आल्या, खिडकीशी गेल्या, जाड पडदा दोन्ही बाजूंनी ओढला, मधे फट राहिली ती चिमटीत धरून मिटवली आणि मगच भिंतीवरचं बटण दाबलं. मंद, पिवळसर दिवा लागला. ठाण्यातल्या आमच्या घरात दिवेलागणीला याच्या नेमकं उलट चालतं. दार उघडं ठेवायचं, कारण लक्ष्मी यायची असते. आणि हल्ली तर गॅलरीतल्या रंगीत माळाही त्याच वेळी लागतात.

"तपासायला कुणी येतं का?" मी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. सुनेने लडाखीत समजावून सांगितला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, बाहेर पाहुणे उभे असतात ना आकाश बघत.

हानले लडाखच्या पूर्वेला, चांगथांगच्या पठारावर, चीनच्या सीमेजवळ आहे. गाव म्हणजे नदीकाठच्या दलदलीभोवती विखुरलेल्या काही वाड्या, टेकडीवर सतराव्या शतकातला गोम्पा म्हणजे बौद्ध मठ, आणि समोरच्या डोंगराच्या माथ्यावर वेधशाळेचा पांढरा घुमट. उंची सुमारे ४,३०० मीटर, म्हणजे कळसूबाईच्या अडीचपट. लेहहून सिंधूच्या काठाने उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा, लोमा असं करत इथवर अडीचशेहून जास्त किलोमीटर येतात. सीमाभाग असल्यामुळे परवाना लागतो. डिसेंबर २०२२ मध्ये इथलं १,०७३ चौरस किलोमीटर क्षेत्र 'डार्क स्काय रिझर्व्ह', म्हणजे रात्रीचा अंधार राखायचा प्रदेश, म्हणून अधिसूचित झालं, देशातलं पहिलंच. तेव्हापासून इथे येणाऱ्यांमध्ये आमच्यासारख्यांची भर पडली. पूर्वीचे लोक 'उमलिंग ला' ही उंच खिंड चढायची म्हणून वाटेत हानलेला टेकायचे. आम्ही हानलेसाठीच आलो होतो.

तारीख ठरवताना अमावस्या पाहिली. २ ऑक्टोबर २०२४. गांधी जयंतीची सुट्टी म्हणून ऑफिसातली रजा वाचत होती, पण तीच नेमकी सर्वपित्री निघाली. आत्याचा फोन आला. "पान वाढायचं सोडून अमावस्येला कुणी घराबाहेर पडतं का? त्यात ग्रहण!" ग्रहण होतं ते खरं. कंकणाकृती, पण दिसणार होतं ईस्टर बेटावरून आणि चिली-अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाकडून. आपल्याकडे ते रात्री सव्वानऊच्या सुमारास सुरू होणार, म्हणजे भारतातून दिसायचा प्रश्नच नाही. तरीही वेध किती वाजता लागतात आणि पोळ्या कधी करून ठेवाव्यात याचे संदेश आमच्या सगळ्या ग्रुपवर आठवडाभर फिरत होते. आत्याला मी एवढंच सांगितलं, की चंद्र नसलेलीच रात्र हवी आहे. "चंद्र नसताना काय बघणार?" असं ती म्हणाली. प्रश्न अगदी रास्त होता.

सूर्य डोंगराआड गेला तसा थंडीने जोर धरला. जेवण लवकर झालं: थुकपा, आणि ज्यांना पचतो त्यांना लोणी-मिठाचा गुरगुर चहा. मग अंगावर होतं नव्हतं ते सगळं चढवून आम्ही घरामागच्या मोकळ्या जागेत आलो. आमच्याबरोबर साताऱ्याकडचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांची पत्नी, बंगळुरूचा एक फोटोग्राफर आणि दिल्लीचं एक चौकोनी कुटुंब होतं. आमची मार्गदर्शक पंचविशीची असेल. गावातलीच. इथल्या वेधशाळेने, म्हणजे बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने, गावातल्या वीस-पंचवीस तरुण मंडळींना आकाशनिरीक्षणाचं शिक्षण दिलं आणि दुर्बिणी दिल्या. त्यांतली ही एक. तिने आपली डॉब्सोनियन दुर्बीण, आठ इंची आरशाची, आधीच बाहेर आणून ठेवली होती. नळी बाहेरच्या हवेइतकी थंड व्हायला हवी, नाहीतर आत हवा हलत राहते आणि प्रतिमा थरथरते, असं तिने सांगितलं. नंतर म्हणाली, "आता अर्धा तास काही बघायचं नाही."

दिल्लीकरांच्या मुलाने लगेच मोबाइल काढला. तिने हात पुढे केला आणि तो खिशात घालायला लावला, अगदी शाळेतल्या बाईंच्या धाकाने. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. बाहुली मोठी होते ती पटकन. वेळ लागतो तो डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या दंडपेशींमध्ये, म्हणजे मंद उजेडात पाहणाऱ्या पेशींमध्ये, रंगद्रव्य साठायला. आणि ते साठलेलं सगळं, एका पांढऱ्या स्क्रीनकडे डोळाभर पाहिलं तरी, वाया जातं. लाल प्रकाशाचा त्रास सर्वांत कमी, म्हणून तिच्या कपाळावरच्या बॅटरीला लाल काच. हे सगळं मला वांगणीपासून माहीत होतं. कॉलेजात असताना बाबा मला खगोल मंडळाच्या वांगणीच्या रात्रींना न्यायचे. कर्जत लोकलने जायचं, सतरंजीवर पडून पहाटेपर्यंत आकाश बघायचं आणि पहिल्या गाडीने परत. पण तिने पुढे जे सांगितलं ते मी कुठेच ऐकलं नव्हतं. "दीर्घ श्वास घेत राहा. इथे हवा विरळ आहे, आणि ऑक्सिजन कमी पडला की आधी रात्रीची नजर मंदावते." वैमानिकांना हे शिकवतात म्हणे. म्हणजे गंमत अशी, की आकाश इतकं स्वच्छ मिळावं म्हणून एवढं उंच यायचं, आणि उंचीच नजरेची थोडी धार काढून घेणार. मी छाती भरभरून श्वास घेतले. फरक पडला की मनाचे खेळ, सांगता येणार नाही. शिक्षकांच्या पत्नी मात्र म्हणाल्या, डोकं हलकं झालं.

पश्चिमेला शुक्र डोंगराच्या कडेवर होता, आणि तो गेल्यावर अंधार पडायला लागला. 'पडायला लागला' हे आपण म्हणतो खरं. तिथे अंधार पडत नाही. जमीन काळी होते, डोंगर त्याहून काळे होतात, आणि आकाश राखाडीच राहतं. वातावरणाचे सर्वांत वरचे थर रात्रभर अगदी मंद उजळत असतात; शहरात ते कळायचं कारण नाही, इथे कळतं. मग त्या राखाडीत तारे येऊ लागले आणि येतच राहिले. नैऋत्येच्या डोंगरावरून धूर चढावा तसा एक पट्टा आमच्या डोक्यावरून ईशान्येला उतरत होता. "ढग आले वाटतं," शिक्षक हिरमुसून म्हणाले. मार्गदर्शक हसली नाही. रोज कुणीतरी हेच म्हणत असणार. "सर, ढग इथे काळा दिसतो. खालून उजेड द्यायला काही नाही ना त्याला. आकाशाला भोक पडल्यासारखं दिसलं तर ढग समजायचा. हे पांढरं दिसतंय ती आकाशगंगा."

खरं सांगायचं तर माझी पहिली प्रतिक्रिया आनंदाची नव्हती. मी गोंधळले. इतकी वर्षं ओळखीची असलेली नक्षत्रं सापडेनात. ठाण्याच्या गच्चीवरून श्रवण, अभिजित आणि हंसातला ठळक तारा एवढे तीनच दिसतात, त्यामुळे त्यांचा त्रिकोण बोट ठेवावा इतका सोपा. इथे त्या त्रिकोणात, त्याच्या आजूबाजूला, रेषांवर, सगळीकडे तारे. वांगणीलाही असं झालं नव्हतं. तिथे बदलापूर-कल्याणकडचं आकाश लालसर असायचं आणि त्या मानाने उरलेलं वाचता यायचं. इथे वाचायला गेलं तर पानभर अक्षरंच अक्षरं, मधे जागाच नाही.

तिने आम्हाला ताऱ्यांऐवजी काळ्या जागा दाखवायला सुरुवात केली. हंसापासून आकाशगंगेत एक काळी फट पडते आणि ती दक्षिणेकडे धनू राशीपर्यंत जाते. ती रिकामी नाही. पुढे धुळीचे ढग आहेत आणि त्यांनी मागचा उजेड अडवला आहे. त्या फटीचा काठ धरून खाली गेलं की धनूतली ती फुगीर, सर्वांत उजळ जागा येते, जिच्यामागे आपल्या आकाशगंगेचा मध्य आहे. त्याच्या उजवीकडे वृश्चिक अर्धा डोंगराआड गेलेला. ज्येष्ठा थोडा वेळ लालसर लुकलुकला आणि बुडाला. लेझर तिच्याकडे होता, पण ती तो क्वचितच वापरत होती आणि वेधशाळेच्या डोंगराच्या बाजूला तर अजिबात नाही. शब्दांनीच नेत होती: "त्या ताऱ्यापासून मुठीएवढं खाली." हात लांब केला की मूठ साधारण दहा अंश झाकते. माझ्या शेजारी सातजण मुठी उगारून उभे होते.

मग ती गप्प बसली. बराच वेळ. या गोष्टीचं मला फार अप्रूप वाटलं. पर्यटनात मार्गदर्शक बोलतच राहतात, गप्प राहिलं तर पैसे वसूल झाले नाहीत असं वाटेल की काय या धास्तीने. हिने आम्हाला पाठीवर झोपायला लावलं आणि स्वतः दुर्बिणीच्या खोक्यावर बसून राहिली.

दुर्बिणीतून पहिला पाहिला तो शौरी तारकासमूहातला गोलाकार तारकागुच्छ, एम-१३. अंतर बावीस ते पंचवीस हजार प्रकाशवर्षं, तारे काही लाख. मधे दाट आणि कडेला विरत जाणारी भुकटी, आणि डोळा स्थिर झाला की कडेचे तारे एकेक सुटे. मग कुंभेतला शनी. दिल्लीकरांच्या मुलाची सगळी आशा शनीवर होती, त्याने पाहिलं आणि म्हणाला, "रिंग तो पतली है." पातळच होती. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी त्या कड्यांच्या प्रतलात येणार होती आणि कडी दिसेनाशी होणार होती. साधारण पंधरा वर्षांनी एकदा असं होतं. त्यामुळे त्या शरद ऋतूत शनी म्हणजे आरपार सुई खोवलेला मणी दिसत होता. तिने त्याला सांगितलं, की जाड कडी सगळ्यांनी पाहिलेली असते, तू पातळ पाहिलीस. मुलाला ते पटलं नाही. मला पटलं.

फोटोग्राफर या सगळ्यात नव्हताच. तो दूर तिपाई लावून बसला होता आणि मधूनमधून त्याच्या कॅमेऱ्याचा स्क्रीन निळसर उजळला की मार्गदर्शक तिकडे पाहून घसा खाकरायची. नंतर त्याने मला फोटो दाखवला. आकाशगंगा जांभळी, गुलाबी, मधे सोनेरी. सुंदर होता, खोटाही नव्हता. कॅमेरा वीस सेकंद प्रकाश साठवतो, डोळा साठवत नाही. इतक्या मंद उजेडात आपल्या दंडपेशींना रंग कळत नाही, म्हणून डोळ्यांना दिसते ती करड्या रंगाचीच. पण हल्ली लोक तो फोटो पाहून येतात आणि वर बघून म्हणतात, अरे, रंग कुठेत? मला विचाराल तर पहिल्या रात्री कॅमेरा गाडीतच ठेवावा.

साडेनऊच्या सुमारास तिने विचारलं, "आत्ता चंद्र कुठे आहे, कोण सांगेल?" कुणी म्हणालं अमावस्या आहे, नाहीये. ती म्हणाली, नाही कसा? सूर्य पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला आहे आणि चंद्र बरोबर त्याच्यासमोर. तिकडे पॅसिफिकवर ग्रहण लागलंय, म्हणून तर इथे इतका अंधार आहे. मी पायांखाली पाहिलं. आत्याच्या भीतीची ती अमावस्या आणि ते ग्रहण, दोन्ही त्या क्षणी माझ्या बुटांच्या खाली, तेरा हजार किलोमीटर जाड गोळ्यापलीकडे घडत होतं. अर्थात ग्रहण नसतं तरी अमावस्येला चंद्र तिकडेच असतो. पण हे तिने ज्या थाटात सांगितलं त्याला दाद द्यायला हवी.

ईशान्येला शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम वर चढला होता आणि त्याच्या उजवीकडे देवयानी. तिथेच मला बाबांची आठवण झाली, कारण निघताना त्यांनी एकच काम सांगितलं होतं: देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा दुसरा प्रचंड समूह, नुसत्या डोळ्यांनी दिसते का ते बघ. वांगणीला ती दिसायची तेव्हा "दिसली, दिसली" म्हणावं आणि पुन्हा पाहिलं की नसावी. इथे ती सरळ होती. लांबट, धुरकट, चंद्राच्या चांगली तिप्पट लांब. मात्र तिच्याकडे थेट पाहिलं तर फिकी पडायची. नजर जरा बाजूच्या ताऱ्यावर ठेवायची आणि कडेने तिला बघायचं. डोळ्याच्या मध्यभागी दंडपेशी नसतात, कडेला असतात. पंचवीस लाख प्रकाशवर्षं. हा आकडा मी शाळेपासून पाठ म्हणते आहे आणि तो मला कधीही कळलेला नाही. तिच्याहून खाली त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका, एम-३३, ही आमच्या मार्गदर्शकाची आकाश जोखायची कसोटी होती: "ही साध्या डोळ्यांनी दिसली तर आकाश पहिल्या नंबरचं." तिला दिसत होती. मला दहा वेळा पाहिल्यावर एकदा काहीतरी असल्यासारखं वाटायचं. नवऱ्याने "दिसली" म्हणून जाहीर केलं, त्यावर माझा विश्वास नाही.

तिने आम्हाला या भागाची ग्रीक गोष्ट सांगितली: गर्विष्ठ राणी, खडकाला साखळदंडाने बांधलेली राजकन्या, सोडवायला आलेला वीर. शिक्षणात तेवढीच सांगितली होती. मग शिक्षकांनी आपली सांगितली. मराठीत या तारकासमूहांना महाभारतातल्या ययातीच्या कथेतली नावं आहेत. वृषपर्वा दानवांचा राजा, शर्मिष्ठा त्याची मुलगी. देवयानी त्याच्या गुरूची, शुक्राचार्यांची मुलगी. दोघी मैत्रिणी पाण्यात उतरल्या, बाहेर येताना कपड्यांची अदलाबदल झाली, त्यावरून बोलाचाली झाली आणि शर्मिष्ठेने देवयानीला विहिरीत ढकललं. ययाती तिथून जात होता, त्याने हात देऊन तिला वर काढलं. चौघंही वर शेजारी शेजारी आहेत. "आणि बाप?" तिने विचारलं. शिक्षकांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं. शुक्र मघाशीच बुडाला होता. संध्याकाळी बाप मावळतीला आणि मुलगी उगवतीला होती. हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मार्गदर्शकाला विहिरीचा भाग फार आवडला. "पाण्यावरून भांडण म्हणजे अगदी आमच्यासारखं," ती म्हणाली, "ही गोष्ट लोकांना जास्त कळेल." दुसऱ्या रात्री पलीकडच्या अंगणात गुजराती मंडळींचा गट होता, आणि थंडीत तिचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता: "शर्मिष्ठा ने देवयानी को धक्का दिया." ययातीचं नाव मात्र ती विसरली आणि 'एक राजा' म्हणून वेळ मारून नेली.

तिला मी विचारलं, की लहानपणी तिला हे आकाश विशेष वाटायचं का. "आकाश असंच असतं असं वाटायचं. जम्मूला शिकायला गेले तेव्हा पहिल्या रात्री गच्चीवर गेले. वाटलं, ढग आहेत. दुसऱ्या रात्रीही ढग. मग मैत्रिणीला विचारलं, तुमच्याकडे पावसाळा कधी संपतो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी वेधशाळेच्या डोंगराखाली गेलो. माथ्याचं नाव सरस्वती पर्वत, उंची ४,५०० मीटर, आणि घुमटातली 'हिमालयन चंद्रा' दुर्बीण (शास्त्रज्ञ चंद्रशेखर यांच्या नावाची) दोन मीटर आरशाची. सप्टेंबर २००० मध्ये तिने पहिला प्रकाश टिपला. आपल्याकडे जुन्नरजवळ गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दुर्बीणही दोन मीटरचीच आहे. पण इथे हिमालयाच्या पाठीमागे पावसाळा पोचत नाही, हवेत बाष्प नावाला, आणि वर्षातल्या अडीचशेहून अधिक रात्री कामाच्या मिळतात. रात्रभर माथ्यावर बसून दुर्बीण चालवणारा खगोलशास्त्रज्ञ असेल अशी माझी कल्पना होती. तो बंगळुरूजवळ होसकोटेला बसलेला असतो आणि उपग्रहामार्फत सूचना देतो. शेजारी एक धाकटी, ७० सेंटिमीटरची 'ग्रोथ-इंडिया' दुर्बीण आहे. ती आयआयटी मुंबई आणि बंगळुरूच्या संस्थेची, आणि आपली आपण चालणारी: कुठे तारा फुटला, कुठे काही अचानक भडकलं की वळून बघणारी. भारताच्या रेखांशावर अशी जागा असणं महत्त्वाचं, कारण कॅनरी बेटं आणि ऑस्ट्रेलिया यांच्यामधे रात्रीचा मोठा टप्पा मोकळा राहतो आणि अशी घटना कोणाच्याही सोयीची वेळ बघून घडत नाही. खाली सपाटीवर एक अवाढव्य ताटली उभी होती, २१ मीटर व्यासाची, असंख्य आरशांची. ती भाभा अणुसंशोधन केंद्राची 'मेस' दुर्बीण. अवकाशातून येणारे गॅमा किरण हवेवर आदळले की काही अब्जांश सेकंद टिकणारी फिकट निळी चमक उठते. ती ही पकडते. आम्ही परतीच्या वाटेवर असताना, ४ ऑक्टोबरला, तिचं उद्घाटन झाल्याची बातमी वाचली. अशा यंत्राजवळून एखादी गाडी मोठे दिवे लावून गेली तर काय होत असेल याचा विचार मी आधी केला नव्हता.

आता अंधाराच्या राखणीबद्दल. आपल्याकडे देवराया आहेत. तिथे कोयता चालत नाही, पडलेली फांदीसुद्धा उचलत नाहीत, आणि विचारलं तर गाव सांगतं, देवाला चालत नाही. हानलेचा अंधार मला तसा वाटला, राखलेला. पण इथे देव नाही. प्रशासन, स्वायत्त डोंगरी परिषद आणि संस्था यांच्यातला करार आहे, खिडक्यांना पडदे आहेत, दिव्यांवर वरून झाकणं आहेत, गाड्यांना दिव्यांचे नियम आहेत, आणि त्या बदल्यात घरगुती मुक्कामाचं व आकाश दाखवण्याचं उत्पन्न आहे. कुणाला हे फार व्यवहारी वाटेल. मला उलट याचाच भरवसा वाटला. कारण अंधार राखण्याची किंमत तिथे कोणीतरी मोजत असतं. आमा-लेंचे दीर चहाला आले होते. त्यांचं म्हणणं, चांगथांगमध्ये लांडगे आहेत, मेंढ्यांच्या वाड्याला रात्रभर झगझगीत दिवा असता तर मी जास्त गाढ झोपलो असतो. खालीच उजेड टाकणारा, झाकणाचा दिवा चालतो, तो त्यांनी लावलाही आहे. पण 'चालतो' हे त्यांना कुणीतरी येऊन सांगावं लागलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. आकाश बघायला येणाऱ्या आमच्या गाड्यांचे झोत मात्र पहिल्या रात्री अकरापर्यंत रस्त्यावर नाचत होते. प्रत्येक वेळी आमची मार्गदर्शक म्हणायची, "डोळे मिटा," आणि आम्ही ओळीने डोळे मिटून उभे.

पहाटे चारला पुन्हा उठलो. हाडं गोठवणारी थंडी, श्वासाच्या वाफेने दुर्बिणीच्या भिंगावर लगेच बर्फ धरत होतं. मृग एव्हाना उंच आलेला, खाली व्याध. सवयीने त्याच्या खाली अगस्ती शोधला. तो इथे क्षितिजाच्या चार-साडेचार अंशच वर येतो, म्हणजे डोंगर त्याला येऊच देत नाहीत. ठाण्याला तो आरामात दिसतो. ध्रुव उलट बराच वर, जवळजवळ तेहेतीस अंशांवर. पूर्वेला पहाट व्हायच्या बरीच आधी उजेडाचा एक तिरका सुळका उभा होता, खाली रुंद आणि वर मिथुनेपर्यंत निमुळता. हा राशीचक्रीय प्रकाश, ग्रहांच्या प्रतलातल्या धुळीवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश. पुस्तकात वाचलेली आणि कधी दिसेल असं न वाटलेली गोष्ट. त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू मात्र हुकला. तो २७ सप्टेंबरला सूर्याच्या सर्वांत जवळून गेला होता आणि त्या दिवसांत पहाटे पूर्वेला अगदी खाली होता. तो डोंगरावर येईपर्यंत उजाडलंच. फोटोग्राफर त्याच्यासाठी गाडी घेऊन पुढच्या खिंडीकडे गेला होता. त्याला दिसला असं तो म्हणाला, आणि या वेळी फोटो दाखवला तेव्हा मला खरंच हेवा वाटला.

नेटवर्क मिळाल्यावर बाबांना फोन केला. देवयानी दिसली, सरळ दिसली, लांबट दिसली. त्यांनी विचारलं, एम-३३? मी म्हणाले, एकदा, बहुतेक. "बहुतेक म्हणजे नाही," ते म्हणाले आणि पेंचला जायची योजना सांगू लागले. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आपल्या बाजूला जानेवारी २०२४ मध्ये 'डार्क स्काय पार्क'चा दर्जा मिळाला आहे, असा पार्क देशात पहिलाच. तिथेही भोवतालच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली वळवले आहेत. त्यांच्या गुडघ्यांना चांगथांगपेक्षा नागपूरची गाडी बरी.

ठाण्याला परतले तेव्हा आमच्या इमारतीच्या गच्चीवर नवा हॅलोजनवजा एलईडी बसवला होता. तोंड वर, आकाशाकडे. मी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, की याचं तोंड खाली करता येईल का आणि वर एक पत्रा लावता येईल का. सेक्रेटरींनी उत्तर दिलं, "सीसीटीव्हीला उजेड लागतो." मी लिहिलं, सीसीटीव्ही खाली बघतो. त्यावर दोन दिवस कुणीच काही बोललं नाही. मग समोरच्या विंगमधल्या एका काकूंनी लिहिलं, की तो झोत त्यांच्या झोपायच्या खोलीत शिरतो आणि त्यांनी आता काळे पडदे शिवायला टाकलेत. पडद्याचे पैसे सोसायटीने द्यावेत की दिव्याला पत्रा लावावा, हा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेच्या कार्यपत्रिकेवर सातव्या क्रमांकावर आहे. अनुमोदक म्हणून काकूंचं नाव दिलं आहे.